अलीगढचा कुतुबखाना आणि आमची भाची

मागच्या वर्षी आमच्या धाकट्या बहिणीच्या मुलीने बारावीनंतर अलीगढ मुस्लिम विद्यापीठात शिकायचा हट्ट धरला, तेव्हा घरात व्हायचे तेच झाले. अम्मीने पदर डोळ्यांना लावला. दूल्हेभाई दोन दिवस काही बोललेच नाहीत. फुफी मात्र स्पष्ट बोलल्या, “जवान पोरीला एवढ्या लांब पाठवतं का कुणी? नगरात कॉलेजं कमी पडली का?” मग बहिणीचा फोन आला, “आपा, तू शाळेत शिकवतेस. आता तूच काय ते सांग.”

आम्ही शिक्षकी पेशातली माणसे. सल्ला द्या असे आम्हाला कुणी दोनदा सांगावे लागत नाही. फी किती, वसतिगृह कसे, जेवणाचे काय, रेल्वेचे आरक्षण किती दिवस आधी करायचे, अशी सगळी यादी आम्ही वहीत मांडली आणि भाचीला समोर बसवले. तिने ती वाचली आणि म्हणाली, “खाला, यात एक राहिलं. मला तिथं मोठी लायब्ररी मिळेल, की फक्त कॉलेजची?”

प्रश्न आम्हाला आधी कळलाच नाही. ग्रंथालय म्हणजे ग्रंथालय, त्यात मोठी आणि छोटी काय? आमच्या शाळेत तर ग्रंथालय म्हणजे एक लोखंडी कपाट. त्याची किल्ली एकाच माणसाकडे, आणि तो माणूस रजेवर असला की ग्रंथालयही रजेवर.

अलीगढची गोष्ट वेगळी आहे. तिथे विद्यापीठाच्या मधोमध मौलाना आझाद ग्रंथालय उभे आहे. सात मजली इमारत, चहूबाजूंनी हिरवळ आणि बागा. दहा लाखांहून अधिक ग्रंथ, 15-16 हजार हस्तलिखिते. आणि या एका मोठ्या ग्रंथालयाच्या भोवती शंभराच्या आसपास लहान-मोठी ग्रंथालये पसरलेली आहेत. वैद्यकीय महाविद्यालयाचे वेगळे, झाकिर हुसेन अभियांत्रिकी महाविद्यालयाचे वेगळे, युनानी वैद्यक शिकवणाऱ्या अजमल खान तिब्बिया कॉलेजचे वेगळे. इतिहास, कायदा, इस्लामिक स्टडीज अशा विभागांची आपापली. मुलींच्या विमेन्स कॉलेजचेही स्वतःचे. केरळातील मलप्पुरम, बंगालमधील मुर्शिदाबाद आणि बिहारमधील किशनगंज इथे विद्यापीठाची केंद्रे आहेत, तेवढा पसारा आणखी दूरवर गेला आहे.

ही व्यवस्था सोयीची आहे, यात शंका नाही. हाडांचा अभ्यास करणाऱ्या मुलाला शरीरशास्त्राचे पुस्तक वर्गाच्या शेजारी मिळाले पाहिजे, त्यासाठी त्याने रोज मैलभर चालू नये. इतिहास विभागाच्या खोलीत इतिहासाचीच पुस्तके असली की प्राध्यापक, विद्यार्थी, पुस्तक तिघांची गाठ पडते. संगणकावर नाव टाकले की अमुक पुस्तक कोणत्या ठिकाणी आहे तेही दिसते. शाखा म्हणजे फांदी, आणि फळ फांदीलाच लागते. पण फांदी म्हणजे झाड नव्हे, हे भाचीला आमच्या आधी समजले होते, कारण तिने 2014 सालची ती बातमी वाचली होती.

ती बातमी आम्हीही तेव्हा वाचली होती, आणि त्याबद्दल वाचकांपुढे एक कबुली द्यायची आहे. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात विमेन्स कॉलेजच्या मुलींनी मौलाना आझाद ग्रंथालयात प्रवेश मागितला होता. पदव्युत्तर वर्गातल्या आणि संशोधन करणाऱ्या मुली तिथे जात होत्या. पदवीच्या मुलींना मात्र तिथले सभासदत्व नव्हते. त्यांचे कॉलेज मुख्य आवारापासून काही अंतरावर, त्यांचे ग्रंथालय त्यांच्याच आवारात. त्या वेळचे कुलगुरू म्हणाले की मुलींना आत घेतले तर ग्रंथालयात चौपट मुलगे येतील, आणि जागा आधीच अपुरी आहे. हे वाक्य देशभर गाजले. दिल्लीत मंत्र्यांनी नापसंती दाखवली, वाहिन्यांवर दोन दिवस दुसरा विषय नव्हता. विद्यापीठाचे म्हणणे असे की मुलींच्या कॉलेजला चांगले ग्रंथालय आहे, मोठ्या ग्रंथालयातले पुस्तक हवे असेल तर संगणकावरून मागणी करता येते, ते आणून दिले जाते. मग अडचण कसली?

आमच्या शिक्षकांच्या खोलीत या बातमीवर बराच वाद झाला होता आणि आम्ही त्या वादात विद्यापीठाच्या बाजूने बोललो होतो. वाहिन्यांना आपल्या समाजाची बदनामी करायला निमित्तच हवे असते, असे आम्ही म्हणालो. ते काही अगदी खोटे नव्हते. पुस्तक घरपोच मिळते आहे, मग त्या गर्दीत जाऊन बसायची हौस कशाला, असेही म्हणालो. आमच्या एका तरुण सहशिक्षिकेने तेव्हा एवढेच विचारले होते, “मॅडम, ज्या पुस्तकाचं नावच माहीत नाही, ते मागवायचं कसं?” आम्ही तिला काहीतरी उत्तर दिले होते. काय दिले ते आता आठवत नाही, म्हणजे ते आठवण्यासारखे नसणार.

प्रकरण अलाहाबाद उच्च न्यायालयात गेले. मुलगी आहे म्हणून दार बंद ठेवता येणार नाही, अशी न्यायालयाची भूमिका राहिली आणि पदवीच्या मुलींसाठीही ते ग्रंथालय खुले झाले. आमच्या भाचीचा प्रश्न त्या दारासंबंधी होता. ते खरोखर उघडले आहे, की फक्त कागदावर?

ते पाहायला आम्ही जुलैत दोघी बहिणी आणि भाची अशा तिघी निघालो. नगरहून झेलम एक्स्प्रेसने आग्रा, तिथून बसने अलीगढ. उकाडा असा की बुरखा अंगाला चिकटून बसला. अलीगढ कुलपांचे गाव. आपल्याकडेही जुन्या घरांना अलीगढचे कुलूप असतेच. वसतिगृहातल्या पेटीसाठी बहिणीने तिथूनच एक कुलूप घेतले, आणि दुकानदाराने नगर कुठे म्हणून विचारल्यावर तिने अभिमानाने सांगितले, “चाँदबीबीचं नगर.” त्याला चाँदबीबी माहीत होती. चार रुपये कमी केले.

विमेन्स कॉलेज आम्ही आधी पाहिले. या कॉलेजचा इतिहास आपल्या घराघरांत माहीत असायला हवा, म्हणून थोडे थांबून सांगतो. शेख अब्दुल्ला नावाचे वकील आणि त्यांच्या पत्नी वहीद जहाँ बेगम या जोडप्याने 1906 साली अलीगढमध्ये मुलींची शाळा काढली. त्याआधी दोन वर्षे ‘खातून’ नावाचे मासिक काढून स्त्रीशिक्षणाची बाजू मांडायला त्यांनी सुरुवात केली होती. शहरात विरोध कडक. मुली पडदा लावलेल्या डोलीतून यायच्या, तेही हातावर मोजण्याइतक्या. 1914 मध्ये मुलींचे वसतिगृह झाले. त्यासाठी भोपाळच्या बेगम सुलतान जहाँ पाठीशी उभ्या राहिल्या. त्याच पुढे 1920 मध्ये विद्यापीठाच्या पहिल्या कुलपती झाल्या. वसतिगृहात स्वतः वहीद जहाँ बेगम मुलींसोबत राहत. आपली मुलगी परक्या ठिकाणी नाही, दुसऱ्या आईजवळ आहे, हे आईबापांना पटावे म्हणून. मुली त्यांना ‘आला बी’ म्हणत आणि शेख साहेबांना ‘पापा मियाँ’. इस्मत चुगताई तिथेच शिकल्या. पापा मियाँची मुलगी रशीद जहाँ डॉक्टर झाली आणि लेखिकाही. 1930 च्या दशकात त्या शाळेचे पदवी महाविद्यालय झाले.

म्हणजे मुलींसाठी वेगळी जागा, वेगळे ग्रंथालय हे एके काळी मुलींना बाहेर ठेवण्यासाठी केलेले नव्हते. मुलींना घराबाहेर काढता यावे म्हणून केलेले होते. पडद्याची डोली ही त्या काळात शाळेत पोहोचायची गाडी होती. ज्या भिंतीच्या आडोशाने आजी शिकली, तीच भिंत नातीला अडवू लागली, तर त्यात भिंत बांधणाऱ्याला दोष देता येत नाही. आणि ती भिंत तशीच ठेवावी असेही होत नाही. एप्रिल 2024 मध्ये डॉ. नईमा खातून विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. शंभर वर्षांत या पदावर आलेल्या त्या पहिल्याच महिला. त्याआधी त्या याच विमेन्स कॉलेजच्या प्राचार्या होत्या. अम्मीला हे आम्ही फोनवर सांगितले, तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या आवाजातले रडू थांबले.

कॉलेजचे ग्रंथालय पाहून बहीण खूश झाली. टेबले स्वच्छ, पुस्तके हाताशी, आणि सगळ्या मुलीच मुली. “हेच बरं,” ती आमच्या कानात म्हणाली, “आणखी काय पाहिजे?” भाचीने ऐकले, पण उत्तर दिले नाही. तिथून रिक्षाने आम्ही मौलाना आझाद ग्रंथालयाकडे गेलो. हिरवळीपलीकडे ती इमारत दिसली तेव्हा बहीण हळूच म्हणाली, “या अल्लाह, ही सगळी पुस्तकंच?”

तिथे त्या दिवशी आम्ही वाचनगृह पाहिले. शेकडो मुले खाली मान घालून वाचत होती. त्यांच्यात मुलीही होत्या, कुणी दुपट्ट्यात, कुणी हिजाबात, कुणी साध्या कुर्त्यात. एकाही मुलाने मान वर करून पाहिले नाही. परीक्षेचे भय मोठे असते. आम्ही तिथे दाराशी उभ्या राहून 2014 सालचे आमचे शिक्षकांच्या खोलीतले भाषण आठवत होतो.

हस्तलिखितांचा विभाग आम्हाला पाहायला मिळाला नाही, त्याला परवानगीची वेगळी रीत आहे आणि आमची परतीची गाडी दुसऱ्या दिवशीची होती. पण त्या दालनांत काय आहे हे जगाला माहीत आहे. चामड्यावर कूफी लिपीत लिहिलेले कुरआन शरीफचे एक पान आहे, ते हजरत अली (रजि.) यांच्या हातचे असल्याची परंपरा सांगतात. बाबर, अकबर, शाहजहान, औरंगजेब यांची फर्माने आहेत. अंगात घालायचा एक सदरा आहे, त्यावर बारीक अक्षरांत अख्खे कुरआन उतरवले आहे. लढाईला जाणारे असे सदरे घालत. प्रकाश आणि दृष्टी यांवर इब्न अल-हैसम यांनी अरबीत जो ग्रंथ लिहिला, त्याची 1572 साली युरोपात छापलेली लॅटिन प्रत आहे. ताडपत्रावर तेलुगू लिपीतला आयुर्वेद आहे आणि मल्याळम लिपीतली भासाची नाटके आहेत. जहांगीर बादशहाचा चित्रकार मन्सूर याने काढलेले लाल ट्युलिपचे चित्रही इथेच आहे. बादशहा काश्मीरला गेला तेव्हा मन्सूरने तिथली शंभरावर फुले चितारली होती म्हणतात. त्यांतले हे एक फूल कागदावर टिकून राहिले.

या यादीत एक नाव वाचून मात्र आम्ही थबकलो. ‘लीलावती’. भास्कराचार्यांचा गणितावरचा संस्कृत ग्रंथ. आपल्या जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणला भास्कराचार्यांच्या नातवाने कोरवलेला शिलालेख आहे. शाळेच्या सहलीला आम्ही तिथे मुले नेली आहेत. अकबराच्या हुकमावरून 1587 मध्ये त्याच्या दरबारचा कवी फैजी याने ‘लीलावती’ फारसीत आणली, आणि त्या फारसी ‘लीलावती’ची प्रत अलीगढच्या कपाटात आहे. हाच फैजी पुढे 1591 मध्ये बादशहाचा वकील म्हणून दख्खनेत आला आणि अहमदनगरला बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी राहिला. आमच्या गावच्या रस्त्यांवरून चाललेला माणूस! गणिताच्या तासाला आम्ही मुलांना हे कधी सांगितले नव्हते, कारण आम्हालाच ते एका ओळीत बसवता आले नव्हते. एका छताखाली ही पुस्तके शेजारी शेजारी ठेवलेली असतात, म्हणून असे धागे जुळतात. गणित विभागाच्या शाखेत ‘लीलावती’ सापडली असती, फारसी विभागात फैजी. दोघांना एकत्र पाहायचे तर मोठ्या दारातूनच जावे लागते.

आता ही पुस्तके आली कुठून? आम्हाला वाटायचे, सरकारने खरेदी केली असतील. सुरुवात तर सर सय्यद यांच्या पुस्तकांपासून झाली. गाझीपूरला 1864 च्या सुमारास त्यांनी सायंटिफिक सोसायटी काढली होती, इंग्रजीतले ज्ञान उर्दूत आणण्यासाठी, तिची भाषांतरेही इथे आहेत. 8 जानेवारी 1877 रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी कॉलेजची पायाभरणी केली म्हणून पुढे ग्रंथालयाला ‘लिटन लायब्ररी’ म्हणत. पण खरा खजिना घराघरांतून आला. कपाटांवर आजही त्या घरांची नावे आहेत. गोरखपूरच्या मौलवी सुबहानुल्लाह यांचा संग्रह. गालिबचे स्नेही नवाब मुस्तफा खान शेफ्ता यांच्या घरचा. लखनौच्या फिरंगी महलमधील मौलाना अब्दुल हई यांचा. दाग देहलवींचे शागिर्द अहसन मारहरवी यांचा उर्दू पुस्तकांचा. अब्दुस्सलाम संग्रह, आफताब संग्रह, असे कितीतरी. कुणाच्या आजोबांनी पोटाला चिमटा घेऊन नकलून घेतलेली पोथी, कुणी हजहून येताना आणलेली किताब. घरात ठेवली असती तर तीन पिढ्यांत वाळवीने संपवली असती.

इथे लिहिताना आमचा हात जड होतो. आमच्या नानांची एक सागवानी पेटी होती. त्यात इनामाचे जुने कागद होते, काही मोडीत, काही फारसीत, काहींवर दोन्ही लिप्या एकाखाली एक. दोन-तीन जाड हस्तलिखित किताबा होत्या, त्यांची पाने हात लावताच तुटत. नाना गेले त्या वर्षी घराची वाटणी झाली. पेटी एका मामूंकडे गेली, कागद रद्दीत गेले. पेटी चांगली होती ना! आम्ही तेव्हा बी.एड. करत होतो. फारसी लिपी वाचता येत होती, उर्दूमुळे. मोडी वाचणारे शेजारच्याच गल्लीत होते. तरी आम्ही एकदाही म्हणालो नाही की थांबा, आधी कुणाला तरी दाखवू या. रद्दीवाल्याने वजन केले तेव्हा आम्ही चहा घेत होतो.

हबीबगंजचे नवाब असे नव्हते. अलीगढ जिल्ह्यातल्या हबीबगंज या लहानशा गावी मौलाना हबीबुर्रहमान खान शेरवानी यांनी आयुष्यभर पुस्तके जमवली. हैदराबाद संस्थानात ते सद्रुस्सुदूर होते, म्हणजे धार्मिक खात्याचे प्रमुख. सद्र यार जंग हा किताब तिथलाच. उस्मानिया विद्यापीठाचे पहिले कुलगुरूही तेच. त्यांचा हबीबगंज संग्रह आज मौलाना आझाद ग्रंथालयात आहे, आणि मन्सूरचे ते लाल फूल याच संग्रहातले.

शेरवानी साहेबांचे आणि आमच्या नगरचे नाते काय, हे नगरच्या माणसांनाही फारसे ठाऊक नाही. 1942 च्या ऑगस्टमध्ये काँग्रेसच्या पुढाऱ्यांना पकडून अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवले. मौलाना आझाद तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष. पंडित नेहरू, वल्लभभाई पटेल आणि इतरही तिथेच होते. नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ त्याच कोठडीत लिहिले, हे शाळेतल्या मुलालाही पाठ असते. मौलानांनी तिथे पत्रे लिहिली. पहाटे उठायचे, स्वतःच्या हाताने चहा करायचा आणि लिहायला बसायचे. चहाविषयी, खोलीत घरटे करणाऱ्या चिमण्यांविषयी, संगीताविषयी, देवाच्या शोधाविषयी. 1943 च्या एप्रिलमध्ये त्यांच्या पत्नी जुलेखा बेगम कलकत्त्याला वारल्या. मौलाना भेटीला जाऊ शकले नाहीत, तेही त्या पत्रांत आहे. ही सगळी पत्रे त्यांनी एकाच मित्राला लिहिली, आणि तो मित्र म्हणजे हबीबगंजचे शेरवानी साहेब. कैद्याला मित्राशी पत्रव्यवहाराची मुभा नव्हती. लिहिलेले पत्र टपालात पडणार नाही हे लिहिणाऱ्याला ठाऊक होते. तरी वर तारीख आणि ‘किला-ए-अहमदनगर’ लिहून ते लिहीत राहिले. 1946 मध्ये त्या पत्रांचे पुस्तक झाले, ‘गुबार-ए-खातिर’.

1950 मध्ये शेरवानी साहेब गेले, 1958 मध्ये मौलाना. 1960 मध्ये अलीगढच्या नव्या इमारतीचे उद्घाटन नेहरूंनी केले आणि लिटनचे नाव जाऊन मौलाना आझादांचे आले. नगरच्या किल्ल्यातल्या एका कैद्याच्या नावाची इमारत, दुसऱ्या कैद्याने उघडलेली, आणि आत त्या मित्राची पुस्तके, ज्याला नगरहून पत्र पोहोचू शकले नव्हते. आम्ही चाळीस वर्षे नगरात राहतो, किल्ल्यासमोरून शेकडो वेळा गेलो असू. हे अलीगढहून परत आल्यावर, जुनी पुस्तके काढून बसलो तेव्हा कळले.

भाचीला आम्ही ठेवून आलो. स्टेशनवर बहीण रडली, मग आम्ही रडलो, मग चहा प्यालो. ज्या वाचकांच्या घरी बारावीची मुलगी आहे, त्यांना सांगावेसे वाटते की फी आणि खोली विचारताना मुलीला कोणत्या ग्रंथालयाचे कार्ड मिळणार, ते किती वाजेपर्यंत उघडे असते, आणि वसतिगृहात परतायची वेळ त्याच्याशी जुळते का, हेही विचारा. दार उघडे आहे पण मुलीला त्याआधीच तासभर निघावे लागते, असे असले तर ते अर्धेच उघडे. हा प्रश्न नगर, मालेगाव, औरंगाबाद, मुंबई, कुठल्याही विद्यापीठात विचारता येतो, आणि मुलाच्या बापानेही विचारायला हरकत नाही. आणि घरात पेटी असेल तर रद्दीवाल्याआधी ती एखाद्या जाणत्याला दाखवा. फोनवर फोटो काढायला पैसे पडत नाहीत.

पहिले दोन महिने भाची फोनवर फक्त जेवणाची तक्रार करायची. मोठ्या ग्रंथालयाबद्दल विचारले की म्हणायची, “कार्ड झालं, पण जायला वेळच नाही, वर्गाची पुस्तकं कॉलेजातच मिळतात.” बहिणीने आम्हाला विजयी नजरेने पाहिले. आम्ही गप्प. मग नोव्हेंबरात एका रविवारी सकाळी तिचा फोन आला. आवाज इतका मोठा की स्पीकर लावायची गरज नव्हती. इतिहासाच्या निबंधासाठी ती दोन मैत्रिणींबरोबर मोठ्या ग्रंथालयात गेली होती. जे पुस्तक हवे होते ते मिळाले नाही, कुणीतरी घरी नेले होते. शेजारच्या फळीवर हात गेला तर ‘गुबार-ए-खातिर’ निघाले.

“खाला, पत्रांवर आपल्या किल्ल्याचं नाव आहे! तू मला हे सांगितलं का नाहीस?”

आम्ही सांगितले होते. सप्टेंबरात, फोनवर, चांगली दहा मिनिटे. तिने तेव्हा फक्त “हां, हां” केले होते. पण तसे आम्ही बोललो नाही.

“चिमण्या ज्या खोलीत आल्या होत्या ना, ती खोली अजून आहे का? जाऊन फोटो पाठव.”

किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, दारात ओळखपत्र दाखवावे लागते. पुढच्या रविवारी बहीण, दूल्हेभाई आणि आम्ही आधार कार्डे घेऊन गेलो. फुफीही आल्या, इतकी वर्षे नगरात असून त्यांनी किल्ला आतून पाहिला नव्हता. पुढाऱ्यांना ठेवले होते त्या खोल्यांचे फोटो दूल्हेभाईंनी काढले आणि तिथल्या तिथे पाठवून दिले. भाचीचे उत्तर संध्याकाळी आले. फोटो हलले आहेत, पुन्हा काढा, आणि मौलानांच्या खोलीचा खिडकीच्या बाजूने घ्या.